पहारा बदलणाऱ्या मालनकाकी

मालनकाकी बाईच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी खांद्यांकडे.

मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायला गेले, त्या दिवशी टेम्पोतून माझं सामान उतरत होतं. मी एका हातात गॅसची शेगडी आणि दुसऱ्या हातात पुस्तकांची पिशवी घेऊन हमालाला ओरडत होते. काकी दारात उभ्या. 'या' नाही, 'बसा' नाही. पहिलं वाक्य हे :

"मास्तरीणबाई, खांदं खाली घ्या. कानाला टेकल्यात."

मला वाटलं, झालं, घरमालकीण विक्षिप्त निघाली. पण हात रिकामे झाल्यावर खांदे खाली सोडून बघितले, तर मान एकदम मोकळी झाली. सांगलीहून निघाल्यापासून, किंवा बदलीची ऑर्डर हातात पडल्यापासून म्हणा, ते वरच राहिले होते. हे मी काकींना सांगितलं नाही. घरमालकिणीला पहिल्याच दिवशी डोक्यावर बसवून घेऊ नये.

गाव साताऱ्यापासून एसटीनं पाऊण तासावर. काकींच्या आळीला सगळे फौजी आळी म्हणायचे, कारण घरटी एक माणूस फौजेत. भिंतीवर वर्दीतला फोटो, आणि घरात बायका. ऊस, म्हशी, सासू-सासरे, पोरांच्या शाळा, सोसायटीतल्या खेपा, सगळं त्यांच्याच डोक्यावर. गावातले पुढारी भाषणात म्हणायचे, "ही आळी देशाची राखण करते." काकी खालून म्हणायच्या, "आन आळीची राखण कोण करतंय, त्ये बी सांगा की."

काकी उंच, हाडापेरानं दणकट. पदर कायम खोचलेला, आणि पायात पांढरे पीटीचे बूट. लुगड्याखाली ते बूट बघून नवीन माणूस हसायचा. त्यांचे मालक सुभेदार तात्या पेन्शनीत आले आणि त्यांनी फिरणं सोडलं. बूट वाया जाऊ नयेत म्हणून काकींनी घातले, आणि रोज सकाळी कॅनॉलच्या कडेनं झपाझप चालून यायला लागल्या. तात्यांची शिस्त मात्र पेन्शनीत आली नव्हती. चहा ठरल्या वेळी, जेवण ठरल्या वेळी, आणि पाहुणे उशिरा आले तर त्यांना कारण विचारायचं. काकी म्हणायच्या, "तीस वर्सं मालक फौजेत हुता. आता फौज घरात हाय."

बायकांची दुखणी हा काकींचा खास प्रांत. डॉक्टरकी त्या करायच्या नाहीत, काढे-बिढे पाजायच्या नाहीत. त्यांना फक्त दिसायचं. नळावर एखादी हंडा आदळायला लागली, पोरावर उगीच खेकसायला लागली, सकाळी उठल्यावर जबडा दुखतो म्हणाली, पाळी पुढंमागं झाली, आमटीत दोनदा मीठ पडलं, की काकी तिच्या दारात. "काय गं, कशाचा भार झालाय?" उत्तर ठरलेलं असायचं : "न्हाई वो काकी, काय न्हाई. होईल बरं." त्यावर काकी चिडायच्या. "अंगावर पदर घ्यावा, दागिना घ्यावा. दुखणं कशापायी अंगावर काढायचं?"

उपासांवर त्यांचा विशेष राग. आळीतल्या निम्म्या बायका आठवड्यातले तीन-चार दिवस साबुदाण्यावर, आणि उरलेल्या दिवशी सगळ्यांची पानं झाल्यावर जे उरेल त्यावर. मग डोकं धरलं, छातीत जळजळलं, चक्कर आली. काकींनी स्वतःचे उपास एकावर आणले होते. "देवाला म्हटलं, तुझा एक वार पाळते. बाकीचं तुझं तू बघ. मला ऊस बांधायचाय." देवाची तक्रार आल्याचं कुणी ऐकलं नाही.

पण काकी खऱ्या ओळखल्या जायच्या त्या पहाऱ्यासाठी.

तात्या नोकरीत असताना काकी थोडी वर्षं त्यांच्याबरोबर छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहिल्या होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून छावणीचं फाटक दिसायचं. फाटकावर एक जवान बंदूक घेऊन उभा. दोन तास झाले की दुसरा यायचा, पहिला निघून जायचा. काकी पोळ्या लाटता लाटता बघायच्या. "सकाळधरनं तिसरा गडी आला, तरी मी आपली उभीच. मनात म्हटलं, गेटाला बदली हाय, चुलीला न्हाई." ही गोष्ट त्यांच्या डोक्यात कित्येक वर्षं राहिली. सून घरात आली, जरा उसंत मिळाली, तेव्हा त्यांनी ती आळीत सुरू केली.

रीत सोपी होती. ठरलेल्या दिवशी एक बाई दुसरीच्या घरी जायची आणि दारातून म्हणायची, "पहारा आला गं." मग घरातली बाई हातातलं काम तिथंच सोडून तासभर बाहेर. आलेली बाई भाकरी थापणार, म्हशीला वैरण टाकणार, सासऱ्याला गोळ्या देणार. तिच्यावर एकच बंधन होतं. त्या घरात जे दिसेल ते पोटात ठेवायचं. कुणाच्या डब्यात पीठ किती आणि कुणाच्या मोरीला शेवाळ किती, हे नळावर बोलायचं नाही. ज्या बाईनं हे एकदा मोडलं तिच्याशी काकी पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत बोलल्या नाहीत. पुन्हा कुणी मोडलं नाही.

गंमत सुटलेल्या बायकांची व्हायची. तासभर मोकळा मिळाला तर करायचं काय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. एकदा एक जण पहाऱ्यावरून उतरून आमच्या ओट्यावर येऊन बसली, आणि बसल्या बसल्या काकींचं सूप ओढून काकींचेच तांदूळ निवडायला लागली. काकींनी सूप काढून घेतलं.

"हात रिकामं ठेव."

"रिकाम्या हातानं काय करू, काकी?"

"बस."

"बसून काय करू?"

"आगं बस म्हंजी बस! पहाऱ्यावरनं उतरलेला जवान परत बंदूक पुसत बसतो व्हय?"

आतून तात्यांचा आवाज आला, "पुसतो! बंदूक पुसावीच लागते!"

"तुमी गप ऱ्हावा!"

ती बाई इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. काकी समाधानानं माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आली बघा खाली." म्हणजे खांदे.

एवढ्या शहाण्या बाईची एक शिकवण मात्र साफ उलटी होती, आणि ती आळीत पहाऱ्यापेक्षाही पक्की रुजली होती. फौजी आळीत नवी सून आली की तिला काकींच्या पाया पडायला आणायचे. काकी ओटी भरायच्या आणि कानात सांगायच्या, "मालकाचा फोन आला की आधी पदरानं तोंड पुसायचं, मग हसायचं, मग फोन उचलायचा. काय बी झालं तरी म्हनायचं, हितं सगळं बरं हाय. हातात बंदूक असल्याल्या मानसाला घरची काळजी द्यायची न्हाई."

त्यांनी स्वतः हे जन्मभर पाळलेलं. एका पावसाळ्यात त्यांच्या गोठ्याचं छप्पर बसलं, म्हैस अडकली, त्याच दिवशी तात्यांचा फोन आला, आणि काकी म्हणाल्या, "औंदा पाऊस बरा झाला." ही गोष्ट त्या फुशारकीनं सांगायच्या आणि आम्हीही हसायचो.

वैशाली काकींच्या शेजारची सून. माण तालुक्यातली, दहिवडीकडची. लग्न होऊन आली तेव्हा कॅनॉलचं वाहतं पाणी बघून वेडी झाली होती म्हणे; दिवसातून दोनदा पाय बुडवायला जायची. तिचं हसणं तीन घरं पलीकडे ऐकू यायचं. नवरा संदीप सीमेवर, दोन पोरं, त्यातली थोरली माझ्या वर्गात. सासू पारूआत्या पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळली. तेव्हापासून वैशालीचं हसणं फक्त फोनवर उरलं.

काकींना दिसत होतं. वैशालीचे केस मूठमूठ गळत होते, जेवणाची वेळ सोडाच, जेवणाचीच आठवण नव्हती. छातीत धडधडायचं, हात थरथरायचे. ती गावातल्या दवाखान्यात जाऊन सलाईन लावून यायची आणि आल्या पावली शेण काढायला लागायची. काकींनी तिच्या दारात पहारा धाडला, एकदा नाही, चार वेळा. प्रत्येक वेळी वैशालीनं आलेल्या बाईला दारातूनच परत पाठवलं. तोंड पुसून, हसून : "नको वो, माझं सगळं बरं हाय."

मग एके दिवशी तिची लेक शाळेत आली ती गालावर बोटं उमटलेली. मी जवळ घेतलं तर म्हणाली, "आईनं मारलं. पण मारताना आईच रडत हुती." त्याच दुपारी वैशालीनं गोठ्याचं दार आतून लावून घेतलं आणि मोठ्यानं ओरडून रडली. आळीनं ऐकलं. पारूआत्या अंथरुणातून म्हणाली, बाहेरचं काहीतरी लागलंय. मुंबईहून दीर आला. त्यानं दोन दिवस बघितलं आणि निकाल दिला, "हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. माहेरी सोडून येऊ. पोरं हितं ऱ्हाऊ द्यात. संदीपला मी सांगतो."

वेडी म्हणून माहेरी सोडलेली बाई परत येते ती घटस्फोटाच्या कागदावर सही करायला, हे आमच्याकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. वैशालीची पोरं जात होती. आणि ती नुसती मान हलवत होती. मला त्या दिराचा इतका संताप आला की माझे खांदे पुन्हा कानाला लागले.

काकी आल्या त्या बूट घालून, पर्स घेऊन. दिराला म्हणाल्या, "सोडायचं तवा सोड. आधी साताऱ्याला डॉक्टरीणबाईकडं नेऊ. छातीत धडधडतंय, त्ये नुसतं टेन्शन म्हणून सोडून द्यायचं नसतंय. आधी अंगात काय बिघाड हाय का बघू. तू बी चल." मलाही बरोबर घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी छातीचा आलेख काढला, रक्त तपासायला दिलं, बीपी बघितलं. मग आम्हाला बाहेर काढून वैशालीशी बराच वेळ बोलल्या. आम्हाला आत बोलावलं तेव्हा त्यांनी सांगितलं की हृदय ठीक आहे, रक्त फार कमी आहे, आणि झोप-जेवण दोन्हीचे हाल आहेत. "त्यात मनावरचा ताण इतका साचलाय की तो शरीरातून बाहेर पडतोय. यावर औषध आहे, बोलणं आहे, विश्रांती आहे. हे वेड नाही."

काकी म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, शेवटचं एवढं परत म्हना. थांबा, दीर बाहेर बसलाय, त्याला आत घेते."

त्याला आत आणून खुर्चीवर बसवलं. डॉक्टरीणबाई हसल्या आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं, त्याच्याकडे बघून. वर हेही सांगितलं की ठरल्या दिवशी परत यायचं, आणि गरज वाटली तर मनाच्या डॉक्टरांना दाखवायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दिराची मान खाली गेली, पण हेका गेला नाही. परतीच्या एसटीत तो म्हणाला, "तरी संदीपला कळवायला पायजेच की."

संध्याकाळी वैशाली आमच्या ओट्यावर काकींच्या पायाशी बसली. "काकी, त्यास्नी कळता कामा नये. तितं त्यांचं चित्त ठिकाणावर ऱ्हायला पायजे. तुमीच सांगितलं हुतं न्हवं, ओटी भरताना?"

 

"सांगितलं हुतं," काकी म्हणाल्या. "चुकलं माझं."

तात्या आत जेवत होते. त्यांनी ताटावरूनच सांगितलं, "'सगळं बरं हाय' ऐकलं की आमाला उलट घोर लागायचा. फोनला जवानांची रांग असायची. ज्याला त्याला घरचं एकच उत्तर, बरं हाय. आरं, एवढं बरं कुठं असतंय का? मग रातभर इचार, ह्यातलं खोटं किती."

काकी आत वळल्या. "आन हे तुमी आज सांगताय?"

"तू कवा इचारलंस? आन मी तरी काय सांगायचो? हितं बी सगळं बरं हाय."

काकी उठून त्यांच्या ताटासमोर जाऊन बसल्या. तीस वर्षं दोन्ही टोकांना दोन माणसं एकमेकांना फसवत होती, आणि दोघांना वाटत होतं की आपण दुसऱ्याला सांभाळतोय. मला रडू आलं. काकींना नाही आलं. त्यांनी तात्यांच्या ताटात आमटी वाढली आणि म्हणाल्या, "रयवारी संदीपचा फोन येतोय. मी जाते."

रविवारी सकाळी त्यांनी पारूआत्याची खाट दारापाशी सरकवून घेतली, दिराला समोर बसवलं. व्हिडिओ कॉल आला. वैशालीचा हात सवयीनं पदराकडे गेला. काकींनी पदर धरला.

"पुसू नगंस. हाय तसं दिसू दे."

संदीपनं विचारलं, "कशी हायस?" आणि वैशाली म्हणाली, "मला बरं न्हाई." मग ती थांबली नाही. पोरीला मारलं तेसुद्धा सांगितलं. तिला माहेरी सोडायचं ठरलंय, तेही सांगितलं. पलीकडून आवाज येईना. दीर म्हणाला, नेटवर्क गेलं. नेटवर्क गेलं नव्हतं. संदीपनं डोळ्यांवर हात धरला होता.

मग तो भावाला म्हणाला, "दादा, वैशाली सोडून यायची वस्तू न्हाई. तिला इसाव्याला माहेरी जायचं असंल तर पोरं घिऊन जाईल, आन तिला वाटंल तवा यील. घर तिचं हाय." आणि पारूआत्याला म्हणाला, "आये, बाहेरचं काय लागल्यालं न्हाई. आपलंच ओझं लागलंय." पारूआत्या तोंडाला पदर लावून रडायला लागली. सुनेवर तिचा राग नव्हता हो. आपण ओझं झालो ही भीती होती, आणि तिचंही कुणी ऐकलं नव्हतं.

वैशाली दोन्ही पोरं घेऊन दहिवडीला गेली आणि परत आली. तिच्या घरी सकाळ-संध्याकाळ पहारा लागला. पारूआत्याच्या अंगाखालची चादर बदलायला काकी स्वतः जायच्या. लगेच सगळं छान झालं असं नाही. गोळ्या बरेच महिने चालल्या, मध्येच एखादा दिवस पुन्हा वाईट यायचा. पण आता ती "आज बरं न्हाई" म्हणायची आणि सरळ अंथरुणावर पडायची, आणि त्यासाठी तिला गोठ्याचं दार लावावं लागायचं नाही. तिचं हसणं परत आलं. रोज नाही, पण आलं की तीन घरं ऐकू जायचं.

काकींनी नळावर सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, "फोनवर हसायचं मी शिकवलं हुतं. त्ये सोडा. रोजचं रडगानं गाऊ नका, पर दुखतंय त्ये दुखतंय म्हना." इतकी वर्षं जे छातीठोकपणे सांगितलं ते तितक्याच छातीठोकपणे मागं घेणारी बाई मी दुसरी बघितली नाही. आमच्या खात्यात तर अजिबात नाही.

एक गोष्ट मात्र राहिली होती. काकींचा मुलगा महेशही फौजेत. त्याचा फोन आला की माडीवर मला ऐकू यायचं : "व्हय रं, सगळं बरं हाय." मी एकदा चिडवलं तर म्हणाल्या, "माझं काय, म्हातारपनाचं दुखणं. त्याला काय सांगायचं?" आणि विषय उडवून लावला. जगाला सांगणं सोपं असतं, पोटच्या पोराला सांगणं अवघड. मी पुन्हा छेडलं नाही.

माझी बदली सांगलीजवळ झाली. सामान पुढं गेलं होतं. काकी मला स्टँडवर सोडायला आल्या, बूट घालूनच. तात्यांनी घरीच निरोप दिला होता आणि गाडी वेळेवर येणार नाही, असं बजावलंही होतं. आम्ही बाकावर बसलो. मी निघताना काहीतरी चांगलं बोलावं म्हणून शब्द जुळवत होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. महेशचा.

त्यांनी स्पीकर लावला, कारण एसटी स्टँडवर दुसरं काही ऐकू येत नाही. "आये, कशी हायस?"

 काकींनी माझ्याकडे बघितलं नाही. समोर उसाची ट्रॉली चालली होती, तिच्याकडे बघत म्हणाल्या,

"बरं न्हाई रं."

"काय झालं?"

"लय काय न्हाई. गुडघा रातीला झोपू देत न्हाई. तुझा बाप डॉक्टरकडं चल म्हनलं की घड्याळ बघतो. मास्तरीणबाई आज निघाल्यात, माडी रिकामी झाली. आन तुझी याद येती. भाकरी थापताना येती, म्हशीला पानी दावताना येती. कवा सांगितलं न्हाई मी तुला."

पलीकडे महेशचा आवाज घाबरला. "आये, मी रजा टाकतो. आजच अर्ज देतो."

"रजा नगं टाकूस," काकी म्हणाल्या. "नुसतं ऐक."

गाडी आली. मी पिशवी उचलली, त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी एका हातात फोन तसाच धरून दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि काढला. मी खिडकीशी बसून हात हलवला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्या बोलत होत्या.